सवतीची खांदशेकणी

आमच्या ह्यांचं नाव डोमा. मी ते तोंडानं घेत नाही, पण तुम्हाला कळायला हवं म्हणून एकदाच सांगून टाकते. माझं नाव धुरपता, आणि मला सवत आहे. ती काळी आहे, जाडी आहे, तिच्या अंगाला डिझेलचा वास येतो आणि आमच्या नावेत मागच्या बाजूला ती चार बोल्टांवर बसलेली आहे.

हे इंजिन आधी तुमसरकडे कुणाच्या बांधीत धानाला पाणी देत होतं. ह्यांनी ते जुनं विकत आणलं, त्याला दांडा आणि पंखा जोडला आणि नावेवर चढवलं. धरणाचं पाणी भरलं तेव्हा पलीकडे जायचा जुना रस्ता बुडाला. आता एस.टी.नं लांबचा फेरा मारा, नाहीतर आमच्या नावेत बसा. धंदा बरा चालतो, त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसरंच. मला ताप आला तर हे दारातूनच विचारतात, "गोळी घेतली काय?" आणि इंजिनाचा आवाज जरासा बदलला की भरल्या ताटावरून उठतात. पाऊस आला की आधी त्याच्यावर ताडपत्री, मग घरातल्या गळतीखाली भांडं. त्याच्यावरून फडकं फिरवताना ह्यांची बोटं अशी काही मऊ होतात की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. असली बोटं ह्यांना आहेत हे मला संसारात कधी कळलंच नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गावात बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर ओढलेलं ओझं उतरावं म्हणून बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप लावून शेकतात आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. आम्ही ढिवर, नाव-जाळ्यावर जगणारे, आमच्याकडे बैल कधीच नव्हता. दरवर्षी आम्ही लोकांचे बैल बघायला जातो. यंदा हे गेले नाहीत. वाटीत हळद-तूप कालवून घाटावर निघाले.

"वर्षभर तेच त ओढते," म्हणाले. "आपला बैल तोच. चाल, तू लाव. बाईच्या हातानं बरं असते."

"माझ्या हातानं? माती लावीन," मी म्हटलं.

मग त्यांनीच लावलं. टाकीला, झाकणाला, चाकाला, नळीला, काही म्हणून सोडलं नाही. मी काठावर उभी राहून पाहिलं. पाहायचं नव्हतं, पण पाय निघेना.

तेवढ्यावर मी गप्प बसले असते. पण पोळ्याच्या दिवशी घाटावर गेले तर इंजिनावर झूल! हिरवी, जरीच्या काठाची. माझ्या लुगड्याची. आईनं मला तीजेच्या माहेरपणाला दिलेलं, पेटीच्या तळाशी ठेवलेलं लुगडं. ह्यांना वाटलं, जुनं आहे, ही नेसत तर नाही. नेसत नाही कारण जपते, हे त्या माणसाला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली पोरं मारबतीचं बाहुलं घेऊन "इडापिडा घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडत शिवेकडे चालली होती. मी मनातल्या मनात त्या इडापिडेत इंजिनाचं नाव घातलं आणि पिशवी भरली.

"मी माहेरी चालली," ह्यांना म्हटलं. "तीजेपुरती नाही. कायमची. तुमी अन् तुमची ते बाई सुखानं राहा."

पंचाईत अशी, की माझं माहेर पाण्याच्या पलीकडे. रुसून जायचं तरी ह्यांचीच नाव. ह्यांनी एकदा माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाले, "चाल, सोडून देतो." त्याचा मला आणखीच राग आला. जाऊ नको म्हणायला काय डिझेल लागत होतं?

सणाची दुसरी सकाळ, प्रवासी कोण असणार? नावेत आम्ही दोघंच. दोघं कसले, तिघं. झूल ह्यांनी काढून घडी करून ठेवली होती, पण सवतीच्या अंगाची हळद तशीच होती. पहिल्याच हँडलला ती धडधडली. मी तिच्याकडे पाठ करून बसले.

अर्ध्या पाण्यात आलो आणि इंजिनाचा आवाज खाली खाली गेला. दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

"काय झालं वो माय?" हे म्हणाले. मला नाही, इंजिनाला.

हँडल मारलं. नाही. पुन्हा मारलं. नाही. नळीतून डिझेल उतरत नव्हतं. टाकीखाली एक कॉक असतो. तो आडवा केला की डिझेल बंद, उभा केला की चालू. ह्यांनी तो आडवा केला, नळी काढली, फुंकून पाहिली, साफ होती. नळी बसवली, कॉक उभा केला, नट सैल करून हवा काढली. चार बुडबुडे आले, चमचाभर डिझेल आलं आणि थांबलं. मग फिल्टर खोलला, धुतला, पुन्हा लावला. तेच. घामानं शर्ट पाठीला चिकटला, पण तोंड काही बंद नाही. "अशी रुसू नाही वो. काय पाहिजे तुले? सांग ना माय."

खरं सांगते, मला आतून गुदगुल्या होत होत्या. एवढं तूप चोपडून घेतलं आणि भर पाण्यात दगा दिला ना! पण ती मनधरणी ऐकवेना.

"मी रुसली त 'चाल, सोडून देतो'," मी म्हटलं. "अन् ते रुसली त माय-माय करून राहिले! मी उद्या मेली तरी तुमी आधी तिचं डिझेल पाहाल."

ह्यांचे हात थांबले. माझ्याकडे पाहिलं आणि वळून टाकीचं झाकण फिरवलं. आत 'सुस्स' झालं. हे झाकण हातात घेऊन उभे राहिले. त्यावरून अंगठा फिरवला. पलीकडे माझ्या माहेरच्या गावची पाण्याची टाकी दिसत होती, तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग झाकण लावलं.

त्यानंतर ह्यांचं काम ढिलं पडलं. साफ असलेली नळी पुन्हा काढली, पुन्हा फुंकली, पुन्हा बसवली. दोनदा हँडल मारलं. काही नाही. आता माय नाही, बाई नाही, चकार शब्द नाही. "आज काही खरं नाही," म्हणाले आणि नावेतल्या आडव्या पाटावर बसले. मला वाटलं, हरला बिचारा. माझी मजाही तेवढी कमी झाली.

तेवढ्यात सेवकराम आला. हा आमच्याच गावचा, डोंग्यातून जाळी टाकत फिरतो, आणि आमच्या इंजिनावर त्याचा पहिल्यापासून डोळा.

"काबे डोमा," तो लांबूनच ओरडला, "महाराणी बसली काय?"

मागे एका लग्नात कुणीतरी इंजिनाला डबडं म्हटलं होतं, तर हे पंगतीतून उठून आले होते.

"भंगार आहे बे," हे म्हणाले. "उगाच गळ्यात घेतलं. विकून टाकतो आता."

मी चमकून ह्यांच्याकडे पाहिलं. हे आपल्या पायांकडे बघत होते.

"मंग वहिनी, तुमी कायले बसता इथं?" सेवकराम डोंगा जवळ घेत म्हणाला. "या माझ्या डोंग्यात. तुमाले पलीकडं सोडून देतो."

हे तरीही मान वर करेनात. ठीक आहे, म्हटलं. मी उठले. पिशवी इंजिनापाशी होती, ती घ्यायला वाकले आणि टाकीचं झाकण नाकासमोर आलं. सगळं झाकण हळदीनं पिवळं, आणि मधलं एवढंसं भोक तेवढं पुसून लख्ख. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल उतरत नाही, वाऱ्याला वेगळी वाट लागते, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. म्हणजे ह्यांच्याच तुपानं ह्यांच्या लाडकीचा श्वास कोंडला होता! पण ते भोक तर ह्यांनी मघाशीच मोकळं केलं. मग आता काय अडलं? मी खाली पाहिलं. कॉक आडवा होता.

विसरले असतील म्हणावं, तर हा माणूस झोपेतही तो कॉक चुकायचा नाही. मघाशी दोनदा हँडल मारलं ते बंद कॉकवर. घाम पुसत, खोटंखोटं. आणि वर सेवकरामसारख्याच्या तोंडावर तिला भंगार म्हणाला, माझ्यासाठी. मला इतका आनंद झाला की माझीच मला लाज वाटली. आणि त्या आनंदातही पहिला विचार आला तो हा, की बरं झालं, तिनं हे ऐकलं.

"तुमी व्हा समोर, भाऊजी," मी सेवकरामला म्हटलं. "आमचं होते सुरू."

"लय भरोसा आहे वहिनी तुमाले," तो हसला आणि वल्हं मारत निघून गेला.

तो दूर गेल्यावर मी हात घालून कॉक उभा केला. ह्यांनी पाहिलं. कान लाल झाले.

"जाऊ नको म्हणता येत नव्हतं काय?"

"म्हटलं असतं त थांबली असती?"

"नसती थांबली."

"मंग?" हे म्हणाले.

मी हुकूम सोडला. "ऐका. तीज होतपर्यंत मी माहेरी राहीन. अन् तुमी पण. हे इंजिन तिकडच्या घाटावर एकटं राहीन. रात्री उठून पाहाले यायचं नाही."

इंजिन आणल्यापासून हे एक रात्र त्याच्यापासून लांब झोपलेले नाहीत. त्यांनी इंजिनाकडे पाहिलं. किती वेळ बघतात ते मी बघत होते.

"पाऊस आला त?"

"येऊ द्या."

"ताडपत्री त घालू देशीन?"

"घाला. हात फिरवायचा नाही."

"बरं," हे म्हणाले.

नट सैल करून हवा काढली आणि हँडल मारलं. पहिल्याच फेरीला इंजिन धडधडलं, नाव निघाली. ह्यांनी इंजिनाला कान लावला नाही की त्याच्यावर हात ठेवला नाही. सुकाणू धरून माझ्याकडेच बघत बसले, आणि नाव पाण्यात उभ्या वाळलेल्या झाडाच्या खोडावर आदळायला निघाली.

"माझ्याकडं काय पाहून राहिले?" मी ओरडले, पण फार मोठ्यानं नाही. "समोर पाहा!"