पिवळ्या फडक्यावरची राख

आमच्या रोपवाटिकेच्या शेडनेटमध्ये त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. टोमॅटोच्या रोपांच्या ओळींमध्ये माणसं दाटीवाटीनं उभी होती आणि सगळ्यांचे डोळे माझ्या वहिनीच्या हातातल्या पिवळ्या फडक्यावर खिळले होते.

"चाला ताई," रोपांची पानं आकसतायत म्हणून बोलावलेला झाडवैद्य म्हणाला. "काठीनं रोपांना जागं करत चाला. झाड बोलतं, मी फक्त ऐकतो."

ऐकायचं म्हणजे डोळे मिटून मान डोलवायची. त्याची विद्या एवढीच.

दादाला त्यानं निळं फडकं दिलं होतं, रोपं न्यायला आलेल्या दोघा बागायतदारांना लाल आणि जांभळं. जन्मवेळेप्रमाणे रंग, म्हणे. सगळ्या फडक्यांना त्याचं 'सिद्ध तेल' फासलेलं. ते तिघं काठी फिरवत चालून आले, फडकी जवळजवळ कोरीच. वहिनी ओळीच्या टोकाला पोचली तेव्हा तिचं फडकं पांढऱ्या राखेनं भरलं होतं.

"नजरेची राख," वैद्य अगदी हळू म्हणाला. हळू बोललं की लोकांना जास्त खरं वाटतं. "या बाईचा हात लागेल तिथं पान आकसणार. हिला आत येऊ देऊ नका."

अकरा वर्षं ही रोपवाटिका वहिनीनं सांभाळली. बी पेरण्यापासून रोप गाडीत चढेपर्यंत सगळं तिच्या हातचं. आणि आता बागायतदार तिच्यासमोरच म्हणाले, "हिनं हात लावलेली रोपं आम्हाला नकोत." दादानं मान खाली घालून शेडची किल्ली मागितली. तिनं ती दिली.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. हे सगळं होताना मी मागे उभा होतो आणि माझ्या तोंडाला कुलूप होतं. ती राख काय आहे हे मला माहीत होतं. कुठून आली, हेसुद्धा.

महिन्यापूर्वी शाळेच्या बागेतलं एक आजारी टोमॅटोचं झाड मी कुंडीसकट शेडमध्ये आणून ठेवलं होतं. "दादा, याची पानं का गोळा होतायत, बघ जरा." दादा बघतो म्हणाला आणि विसरला. चार दिवसांनी कुंडी उचलताना पानांखालून पांढरा भुसा उडाला. मी तो हातानं झटकला आणि घरी गेलो. पुढे शेडमधली पानं आकसायला लागली तेव्हा पुस्तक उघडलं, आणि तो भुसा म्हणजे काय ते कळलं. आठ दिवस मी उद्या सांगतो, उद्या सांगतो करत राहिलो. विज्ञानाच्या मास्तरानंच रोग आणला म्हटल्यावर लोक तोंडात शेण घालतील, याची मला भीती वाटत होती.

वहिनी दाराकडे वळली तेव्हा मात्र राहवलं नाही.

"थांबा," मी म्हणालो. "पिवळं फडकं दुसऱ्या कुणाला तरी देऊन बघू. वैद्यबुवा, तुम्हीच घ्या ना."

"आम्हाला रंग चालत नाहीत."

"का, अंगावर फुटतात?"

एकदोघं हसले. दादा मात्र हसला नाही. त्यानं वैद्याच्या पेटीतून नवं पिवळं फडकं उचललं, आपलं निळं वहिनीला दिलं आणि दोघंही काठी फिरवत निघाले. परत आले तेव्हा वहिनीचं निळं कोरं होतं आणि दादाचं पिवळं राखेनं भरलेलं. दादा फडक्याकडेच बघत राहिला. वहिनीकडे बघायचं त्याचं धाडस झालं नाही.

मी ते फडकं थोरल्या बागायतदाराच्या चष्म्यासमोर धरलं. "काका, नीट बघा. राखेला पंख असतात का?"

"किडे आहेत की हे," ते म्हणाले.

"पांढरी माशी. काठी लागली की उडते, पिवळा रंग दिसला की झेपावते आणि तेलात चिकटते. तेलही साधं एरंडेल आहे, वास घ्या. रोग वहिनीच्या नजरेत नाही, या माशीच्या सोंडेत आहे. आजारी झाडाचा रस पिते, त्याबरोबर विषाणू तिच्या पोटात जातो. मग चांगल्या रोपावर बसून सोंड खुपसते आणि तो तिथं सोडते. एकच सुई सगळ्यांना टोचावी तसं."

झाडवैद्य एव्हाना पेटी आवरायला लागला होता.

"पण आपल्या शेडला बारीक जाळी आहे," दादा म्हणाला. "माशी आत आली कशी?"

जाळी कुठंतरी फाटली असेल, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. कुणी पुढे विचारलं नसतं.

"मी आणली," मी म्हणालो. "त्या कुंडीतून. आणि हे मला आठ दिवसांपासून माहीत आहे."

मग वहिनी म्हणाली, "कुंडीचा मला संशय होता भावजी. पण तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगाल म्हणून गप्प राहिले. मघाशी किल्ली देताना मी तुमच्याकडेच बघत होते."

संध्याकाळपर्यंत आम्ही आकसलेली रोपं उपटून पिशव्यांत बांधली. निम्मी शेड रिकामी झाली. वैद्याची पिवळी फडकी वहिनीनं ठेवून घेतली आणि ओळीओळीत टांगली. माश्या पकडायला ती खरोखरच चांगली.

तेव्हा पान आकसलं तर ते उलटं करून बघा, माणसाच्या नजरेत कारण शोधू नका. आणि कारण ठाऊक असेल तर त्याच दिवशी सांगा, मग ते तुमच्यावर का शेकेना. मी वेळेवर बोललो असतो तर बरीच रोपं वाचली असती, आणि त्या लबाडाला आमच्या दारात उभंही राहता आलं नसतं. वहिनी अजून माझ्याशी बोलते, पण कामापुरतंच.