टपालखोलीतली बढती

आमच्या कचेरीची टपालखोली तळमजल्यावर, जिन्याखाली होती. माणसं तीन. खोलीचे प्रमुख, ज्यांना सगळेच काका म्हणत, तिकिटं आणि शिक्के सांभाळणाऱ्या बाई, म्हणजे आमच्या शिक्काबाई, आणि मी. जेवणाच्या सुट्टीत पुस्तकात डोकं घालून बसतो म्हणून शिक्काबाईंनी मला गुरुजी करून टाकलं होतं.

काका निवृत्त व्हायला आले तेव्हा त्यांच्या जागेसाठी वरच्या साहेबांनी माझी मुलाखत घेतली. हिशेब खात्यातला एक चुणचुणीत गृहस्थही उमेदवार होता. जागा त्याला मिळाली तर मला त्याच्या रिकाम्या खुर्चीत, आकड्यांच्या रानात जाऊन बसावं लागणार होतं. मला टपालखोली सोडायची नव्हती. सकाळी पोतं उलटं केलं की येणारा कागदाचा आणि डिंकाचा वास, एकेका खणात पडत जाणारी पाकिटं, यांत माझा जीव रमला होता.

"टपालाच्या कामात माणसाला पुढे वाव काय?" साहेबांनी विचारलं.

मला वेळेवर खोटं सुचत नाही. सुचतं ते घरी पोचल्यावर. "विशेष नाही," मी म्हणालो.

हे ऐकून बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, तोंड उघडा म्हटलं होतं, पायावर धोंडा पाडून घ्या नव्हतं म्हटलं!"

त्यानंतर वरून काहीच कळेना. हिशेबवाला गृहस्थ मात्र एकदा खाली येऊन काकांचं टेबल न्याहाळून गेला. मी मनाची तयारी करायला लागलो.

शनिवारी दुपारी 'पत्ता अपुरा' हा खण रिकामा करायची आमची रीत होती. त्या शनिवारी त्यातून माझ्याच नावाचं पाकीट निघालं. साहेबांकडून आलेलं. जागा तुम्हाला देत आहोत, शनिवारी, म्हणजे त्याच दिवशी, कचेरी सुटेपर्यंत लेखी होकार द्यावा, अन्यथा ती दुसऱ्या उमेदवाराला दिली जाईल.

काकांचा चेहरा उतरला. पाकीट त्यांनीच लावलं होतं. भिंतीवरच्या मांडणीत प्रत्येक खात्याला खण होता, टपालखोलीला तेवढा नव्हता. आम्हाला कोण पत्र लिहिणार? काकांनी नाव न बघता त्याखालचं 'टपाल' एवढंच वाचलं, हात खण शोधत फिरला आणि सवयीने 'पत्ता अपुरा'वर जाऊन थांबला.

"उभा जन्म जगाची पत्रं लावली," काका पुटपुटले, "आणि घरचंच वाऱ्यावर सोडलं."

"काका, रडगाणं नंतर," शिक्काबाई कडाडल्या. "गुरुजी, आधी होकार लिहा!"

मी लिहिला, पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि नीट साहेबांच्या खणात ठेवलं.

"अहो, हे काय?" शिक्काबाई पुन्हा ओरडल्या. "हे सोमवारी वर जाणार! आणि नेणार कोण? तुम्हीच ना?"

पाकीट काढून मी जिना चढलो. साहेबांच्या दाराशी त्यांची लेखनिक टाइप करत बसली होती. मान वर न करता तिने ट्रेकडे बोट दाखवलं. "टपाल ना? ठेवा तिथे."

मी ठेवलं. चार पावलं परतही फिरलो. मग मागे येऊन पाकीट पुन्हा उचललं.

"हे टपाल नाही," मी म्हणालो. "म्हणजे, आहे. पण त्याच्याबरोबर मलाही आत जायचंय."

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं आणि दार उघडून दिलं.

साहेबांनी पत्र वाचलं. "मला वाटलं, तुम्हाला जागा नको आहे. पुढे वाव नाही, तुम्हीच म्हणालात."

"नाहीच, साहेब. पण मला कुठे पुढे जायचंय? मला तिथेच राहायचंय, खाली."

साहेबांसमोर एवढं मी कधी बोललो नव्हतो. ते बरोबर बोललो का, असं अजूनही अधूनमधून वाटतं. साहेब मात्र हसले. "राहा बाबा, राहा," म्हणत त्यांनी पत्रावर सही ठोकली.

खाली आलो तेव्हा कचेरी सुटली होती, पण दोघंही घरी गेली नव्हती.

"बोला की! तोंडात काय गुळणी धरलीय?" शिक्काबाई म्हणाल्या.

"झालं," मी म्हणालो.

काका उठले, आपली खुर्ची पुसली आणि माझ्याकडे सरकवली. "बसून बघा. डावा पाय जरा डुगडुगतो."

मी बसलो. खरंच डुगडुगत होता.

"छान आहे," मी म्हणालो आणि आणखी थोडा वेळ तसाच बसून राहिलो.