डोंगरात पडलेला पाऊस

कांचन सबनीसची कोल्हापूरला बदली झाली, तेव्हा बँकेतल्या सहकाऱ्यांनी तोंडभर अभिनंदन केलं. चंदीगडमध्ये तिला आता कशासाठी राहायचं होतं? सेक्टर बावीसमधली भाड्याची जागा रिकामी करायला घेतली. खोकी बांधता बांधता पूर्वी, तिची कॉलेजात शिकणारी मुलगी, म्हणाली, "आई, जाने से पहले वो जगह देखनी है मुझे."

कोणती जागा, हे कांचनला विचारावं लागलं नाही. ती चिकटपट्टी दाताने तोडत राहिली. मग म्हणाली, "रविवारी जाऊ."

तिच्या नवऱ्याला, अविनाशला, जाऊन दोन वर्षं झाली होती. तो सरकारी भूजल खात्यात होता. शिवालिकच्या पायथ्याच्या गावांतून फिरायचं आणि जमिनीखालचं पाणी किती खोल गेलं ते मोजायचं, हे त्याचं काम. घरी आला की जेवताना तेच बोलायचा. "आपला सह्याद्री कातळाचा. हे शिवालिक म्हणजे नुसता गाळ नि गोटे. जंगल तोडलं की पाऊस त्यात मुरत नाही, धावत सुटतो. म्हणून वर पूर आणि खाली बोअर कोरडी." डोंगरातून उतरणाऱ्या पावसाळी ओढ्याला इकडे चो म्हणतात. वर्षातले दहा महिने त्यात वाळूशिवाय काही नसतं. अशाच एका चोमधून त्याची जीप पलीकडे जात होती. डोक्यावर लख्ख ऊन होतं. पाऊस झाला होता वर, डोंगरात. ड्रायव्हर पोहून निघाला. अविनाश दुसऱ्या दिवशी खूप खाली, शेतात सापडला.

त्यानंतर कांचन त्या बाजूला फिरकली नव्हती.

रविवारी मायलेकी बसने पिंजौरला उतरल्या आणि रिक्षाने पुढे गेल्या. श्रावणातला दिवस होता, पण वारा पडलेला आणि अंगाची नुसती चिकचिक. रिक्षावाला गावाबाहेर सोडून परत गेला. समोर चोचं पात्र पसरलेलं होतं, चांगलं रुंद, पांढऱ्या गोट्यांनी भरलेलं. मधून घोटाभर पाण्याची एक धार वाहत होती. काठाला उंच सरकंड्याचं गवत नि खैराची झाडं. पूर्वी बराच वेळ बघत उभी राहिली.

"बस इतनी सी नदी?" ती म्हणाली.

कांचनने तिचा हात धरला. रडू येईना. या एवढ्याशा पाण्याने आपलं घर मोडलं, याचा तिला नुसता संताप येत होता.

पात्रात, धारेच्या अगदी जवळ, एक पांढरी गाडी उभी होती. मोहालीहून एक कुटुंब सहलीला आलं होतं. नवरा-बायको, दोन लहान मुलं आणि घडीच्या खुर्चीत बसलेली एक म्हातारी. मुलं पाण्यात दगड टाकत होती, गाडीत गाणी लागली होती.

कांचनची नजर उत्तरेला गेली. रिक्षातून येताना तिकडे कसौलीचा डोंगर दिसला होता. आता त्या जागी काळंभोर काहीतरी उभं होतं. तिने धारेकडे पाहिलं. मघाशी तळ दिसत होता, आता पाणी चहासारखं गढूळ झालं होतं आणि त्यावरून पालापाचोळा वाहत येत होता. अविनाश म्हणायचा, "पाऊस आपल्यावर पडायची वाट बघायची नाही. पाण्याचा रंग बघायचा."

"पूर्वी, तू इथून हलायचं नाहीस," ती म्हणाली आणि गोट्यांवरून धडपडत खाली उतरली.

"भाईसाहब, पानी आ रहा है! बच्चों को लेकर ऊपर चलिए!"

माणसाने आभाळाकडे पाहिलं. ऊन होतं. "कहाँ है पानी, मॅडम? अभी तो खाना भी नहीं खाया."

"डोंगरात पाऊस लागलाय!" घाईत तिच्या तोंडून मराठी निघालं. मग ती सरळ पाण्यात शिरली, धाकट्या मुलाला उचललं आणि काठाकडे चालू लागली. मूल किंचाळलं. "पागल है क्या?" म्हणत बाप मागे धावला, आई थोरलीला ओढत त्याच्यामागे. पूर्वी कुठली थांबते! ती खाली येऊन म्हातारीपाशी पोचली होती.

"बीजी, मेरा कंधा पकड़ो."

तेवढ्यात आवाज आला. दगडांनी भरलेले ट्रक एकामागून एक घाटातून उतरावेत तसा. आता माणसालाही कळलं. त्याने कांचनकडून मूल घेऊन बायकोकडे दिलं आणि उलटा धावला. त्याने आणि पूर्वीने म्हातारीला अक्षरशः उचलून वर आणलं. वळणावरून पाणी आलं ते भिंतीसारखं नव्हतं, चिखल, फांद्या आणि गोटे लोटत आलेला एक तपकिरी लोंढा होता. गाडी आधी थोडी फिरली, मग आडवी झाली आणि गाणं बंद पडलं.

माणूस वाहत जाणाऱ्या गाडीकडे बघत खाली बसला. त्याची बायको दोन्ही मुलांना घट्ट धरून उभी होती.

म्हातारी कांचनकडे बघत होती. तिने पुढे होऊन कांचनचे ओले हात आपल्या हातांत घेतले आणि हळूच पंजाबीत विचारलं, "पुत्तर, तेरा कौण गया सी?"

दोन वर्षं कांचन सगळ्यांना 'अपघात झाला' एवढंच सांगत आली होती.

"मेरे पति," ती म्हणाली. "इथेच. याच पाण्यात." आणि मग तिला जे रडू आलं, ते आवरेना. म्हातारीने तिला छातीशी धरलं, पूर्वी दोघींना येऊन बिलगली.

बऱ्याच वेळाने तो माणूस जवळ आला. त्याने हात जोडले. कांचनने मान हलवली.

ऊन कलेपर्यंत पाणी ओसरलं. गाडी पार खाली गोट्यांत रुतलेली दिसत होती. गावातल्या ट्रॅक्टरवर बसून ते कुटुंब पिंजौरला गेलं. मायलेकी मात्र काठावरच थांबल्या. पात्रात नवी, ओली वाळू पसरली होती, कुणाचंही पाऊल न उमटलेली. कांचन त्या वाळूकडे बघत राहिली. दोन वर्षं ती या पाण्याला शत्रू मानत होती. त्याच्या मनात कधीच काही नव्हतं. वर पाऊस पडला, ते खाली आलं, वाटेत जो सापडला तो सापडला. यात दिलासा नव्हता. पण भांडायला समोर कुणी नाही, हे आज तिला पटलं.

"बाबा डर गए होंगे क्या, आई?" पूर्वीने विचारलं.

कांचनने खोटं सांगितलं नाही. "घाबरले असतील गं. पण पाणी कुठून आलं, हे त्यांना नक्की कळलं असेल."

पूर्वीने मान तिच्या खांद्यावर टेकवली. डोंगरावरचे ढग फाटून मागचं निळं दिसू लागलं होतं. दोघी तशाच बसून राहिल्या.