दोन फाकांमधली वाट

"कुणाचा विश्वास बसणार नाही साहेब, पण एका घावात जावयाचं मनगट उडवलं मी," म्हातारा खाटीक म्हणाला आणि डाव्या हातानं त्यानं चहाचा कप तोंडाला लावला. "तो तुटलेला हात ओट्यावरून वीतभर पुढं सरकला. मुठीत माझ्या लेकीची वेणी तशीच."

समोरच्या स्टुलावरचा हवालदार लिहायचा थांबला. "आजोबा, जबाब आहे हा. तिखटमीठ नको."

"मग पहिल्यापासून ऐका."

त्याच्या मागं लेक मांस तोडायचा ओंडका घासत होती. कपाळाला सात टाके. लाकडात मुरलेलं रक्त निघता निघत नव्हतं. म्हाताऱ्याला एवढंच हवं होतं, की कागदावर आपलं नाव चढावं, तिचं नाही. आणि तेही दवाखान्यातला जावई शुद्धीवर येऊन तोंड उघडायच्या आत.

"पंधरा दिवसांमागं ही मार खाऊन माहेरी आली. जबडा हा एवढा. दुसऱ्या दिवशी जावई न्यायला हजर. त्या सकाळी मी रेडा फाडला होता. रेडा कसला, शिंगं रस्त्यावर आणि शेपूट परसात. उभा चिरला, फाका समोरासमोर मांडल्या, मधे वाट ठेवली. घोटाभर रक्त. म्हटलं, जावईबापू, शास्त्रातला करार असाच होतो. या वाटेनं चाला आणि बोला, पुन्हा हात उचलला तर माझे असेच तुकडे होवोत."

"चालला?"

"हसत हसत. चपला भिजल्या म्हणून वर मलाच शिव्या. म्हणाला, जबड्याची सूज उतरली की नेतो."

"शास्त्रात देवही असाच चालतो वाटतं?"

"बायबलात अब्राहामाशी करार केला तेव्हा चालला. त्याला गाढ झोपवलं आणि धुमसती भट्टी, जळती मशाल होऊन देव एकटाच तुकड्यांमधून गेला. म्हणजे माणसानं शब्द मोडला, तरी तुकडे व्हायचे ते देवाचे."

"हा कसला करार? एकाच्याच अंगावर येणारा."

"बापाचा," म्हातारा म्हणाला.

जावई चालून गेला त्या दुपारी लेक गोळी घेऊन झोपली होती, तेव्हा तोही अनवाणी त्या वाटेनं चालला होता. हिच्या हातून काही घडलं तर ते माझ्यावर येवो, एवढंच पुटपुटला. हे मात्र त्यानं हवालदाराला सांगितलं नाही. सगळ्या हकिकतीत तेवढंच बिनतिखटमिठाचं होतं.

"काल सकाळी जावई पुन्हा आला. हिची वेणी मुठीत धरली आणि डोकं या ओंडक्यावर आपटलं. एकदा. दोनदा. दात उडून तराजूत पडला. तिसऱ्यांदा आपटणार, तेवढ्यात मी सत्तूर उचलला. हाड असं वाजलं, की पलीकडच्या गल्लीतली कुत्री जेवायला आली."

हवालदारानं कागद पुढं सरकवला. "करा सही."

म्हाताऱ्यानं पेन घेतलं. मागचा ब्रशचा आवाज थांबला.

"उजव्या हातानं करा की, बाबा," लेक म्हणाली.

म्हाताऱ्याचा उजवा हात मांडीवर, टॉवेलाखाली होता. तो हलला नाही.

"दोन वर्षं झाली साहेब, वारं जाऊन लुळा पडलाय तो हात. चमचा धरवत नाही," लेक हवालदाराला म्हणाली. " रेडा मी फाडला होता. आणि काल सत्तूरही माझ्याच हातात होता."