दवाखान्यातला मीटर

सकाळी दवाखाना उघडला की बाकावरून पहिला प्रश्न ठरलेला, "बाई, आज काटा कुठंय?" नर्सबाई भिंतीवरच्या मीटरकडे बघून आकडा मोठ्याने सांगायच्या आणि मगच तापखोकल्याकडे वळायच्या. टेकडीपलीकडच्या अणुकेंद्रातून हवेत काय मिसळतंय ते हा मीटर दाखवी. तो खिळ्याला टांगला होता त्यांच्या धाकट्या भावाने. तिथलाच शास्त्रज्ञ तो. केंद्र लष्कराच्या ताब्यात जाऊ नये म्हणून त्याने ठिकठिकाणी सभा गाजवल्या, आणि बाईंनी त्याच्यासाठी दारोदार चपला झिजवल्या. "केंद्र लोकांचं, तर मोजमापही लोकांच्या हाती," हे बोल त्याचेच.

आज दवाखाना उघडायच्या आधीच तो मागच्या दाराने आला. बाईंनी कौतुकाने चहा ठेवला.

"ताई, मीटर काढून दे. केंद्र लष्कराकडे गेलं. देशाच्या भल्यासाठी आता आकडे बाहेर जायचे नाहीत."

"आणि तू?"

"मी सल्लागार. आत आपलं कुणी नको का?"

चहा उतू गेला. आईमागे ज्याला बोट धरून शाळेत नेलं, त्यानेच केसाने गळा कापला. परक्याने कापला असता तर इतकं लागलं नसतं.

"वडील म्हणायचे, बायकांनी विचारू नये. ही रीत मोडायची, असं तूच म्हणायचास ना?"

"सभेतल्या गोष्टी सभेत, ताई."

"बरं, ने. पण पुढच्या दाराने. आणि कोटाखाली लपवायचा नाही."

मीटर हातात घेऊन तो बाहेर आला. बाकावर तापलेल्या नातवाला मांडीवर घेऊन एक आजी बसल्या होत्या.

"साहेब, आज काटा कुठंय?"

त्याने काट्याकडे पाहिलं आणि मीटर उलटा करून छातीशी धरला. सगळा बाक उत्तराची वाट बघत राहिला.

बाईंनी मीटर त्याच्या हातून घेतला आणि वाचला.

"नेहमीच्या दुप्पट आहे. पोरांना घरात घ्या, खिडक्या लावा." मग भावाकडे वळून म्हणाल्या, "तुला ठाऊक होतं. म्हणून आजच आलास."



बाईंनी मीटर पुन्हा खिळ्याला अडकवला. "ज्यांना हवाय त्यांनी दिवसाढवळ्या यावं, ह्या सगळ्यांना कारण सांगावं आणि न्यावा. तोवर मी रोज वाचणार."

तो मागच्या दाराने निघून गेला. उतू गेलेला चहा पातेल्यात तसाच राहिला.

वाचकहो, देशाच्या भल्यासाठी गप्प बसा म्हणणारा दरवेळी परकाच असतो असं नाही. कधी कधी त्याच्यासाठी आपणच चहा ठेवलेला असतो.