सुटायची राहिलेली कांडी

मी कांडी बोलतेय. कपडे शिवणाऱ्या एका बाईच्या मेंदूत, एका पेशीच्या फांदीत मी आडवी पडलेय. मला बघायचं तर भिंग लागेल, तेही साधंसुधं नाही. एवढीशी मी, पण घर हलवलं.

मी जन्माची कांडी नव्हे. मी आणि माझ्या बहिणी म्हणजे ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे बारीक धागे. तुमच्याही अंगात आम्ही आहोत, उगाच नाक मुरडू नका. जोडायचं, मोडायचं, पुन्हा जोडायचं, हा आमचा धंदा. बाई काही नवं शिकली की पेशीच्या फांदीवर इवलासा कोंब उभा करायचा, नकोसा झाला की मोडायचा. बसून खायची आमच्यात रीत नाही.

बाईचं कामही असंच. कापड कापलं की आधी हाताने कच्चे टाके घालायची, सैल आणि लांब लांब. गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघायची. मग लेक मशीनवर पक्की शिवण मारायची, आणि कच्चा दोरा आई दातात धरून सर्रकन ओढून काढायची.

"पाहुणा आणि कच्चा टाका, काम झालं की निघावा," लेकीला म्हणायची. "राहिला की कपडा आवळतो."

कानांनी आणलेलं आमच्या दारावरूनच पुढे जातं, म्हणून हे मीही ऐकलेलं. ऐकणं सोपं असतं हो. वेळ आपल्यावर आली की कळतं.

बाईचं वय झालं, डोक्याकडे रक्त नीट पोचेना. पेशीत शक्तीचा दुष्काळ पडला. आमच्या जोडमोडीला शक्ती फार लागते. घरात दाणा नसताना कुणी नाचत नाही. आम्ही धागे एकमेकींना घट्ट बिलगलो आणि निपचित पडलो. धाग्यांची कांडी झाली. शहाणपणच होतं ते, पेशी तगली त्यामुळे. पुढे रक्त पुन्हा पोचू लागलं, बऱ्याच कांड्या सुटल्या, कामाला लागल्या. मी सुटले नाही. फांदी निमुळती होते तिथेच मी अडकलेली. पलीकडच्या कोंबांना काही पोचेना. ते वाळायला लागले.

बाहेर बाई आधी खडू कुठे ठेवला ते विसरली, मग मापं. लेक म्हणायची, वय आहे, चालायचंच.

मग एक दिवस औषधाच्या दुकानाचा मालक आला. एका हातात कोट, दुसऱ्या हातात त्याची बाही.

"मावशी, वरच्या फळीवरची बाटली काढायला हात वर केला, आणि बाही माझी परवानगी न घेता खाली!" तो बापडा हसत होता.

लेकीने कोट उलटा केला. दुसऱ्या बाहीला कच्चे टाके जागच्या जागी होते. कच्च्या दोऱ्याऐवजी आईने पक्की शिवणच उसवून काढली होती, अगदी निगुतीने.

गिऱ्हाईक गेल्यावर दोघींची जुंपली.

"आई, लक्ष कुठे असतं गं तुझं?"

"माझं? तूच मशीन मारली नसशील, कार्टे!"

"मारली होती. ही बघ सुईची भोकं."

बाईने त्या भोकांवरून अंगठा फिरवला. हळूहळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

लेकीने कात्री, सुया, अंगुस्तान, सगळं कपाटात घालून कुलूप लावलं. बाई उसळली. "माझे हातही तोडून ठेव त्यात!" आणि जेवणावर रुसली. खुर्चीत बसून रिकामी बोटं नुसती हलवायची. शिवण हाच तिचा श्वास, आणि लेकीनेच नाक दाबलेलं. लेकीलाही ते दिसत होतं, पण शिवणाचं दुकान बुडालं तर दोघी बुडणार.

लेक तिला दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी खोटा दिलासा दिला नाही. "मेंदूत नाना तऱ्हेच्या प्रथिनांच्या गुठळ्या होतात. कशामुळे किती बिघडलं, नेमकं सांगता येत नाही. आतलं सगळं जिवंतपणी दिसतही नाही. आणि हे सोडवायचं औषध आज माझ्याकडे नाही."

खरं बोलल्या. मी एकटी दोषी नाही, पण वाटेत आडवी पडलेय हे नाकारूही कशाला?

"मग तिने करायचं काय? भिंतीकडे बघत बसायचं?"

"हातांना जे येतंय ते करू द्या."

घरी येऊन लेकीने कुलूप काढलं. आईच्या हातात सुई दिली आणि भडक लाल दोरा.

"कच्चे टाके तू घालायचे. काढायचे मी."

"का? माझे दात पडलेत?"

"माझ्याही दातांना काही काम नको का, आई?"

"नुसतं खायचंच काम येतं त्यांना," बाई म्हणाली. आणि त्या दिवशी पोटभर जेवली.

तुमची एक खोड मला बघवत नाही, ती सांगतेच. दुकानात येणारा प्रत्येकजण तिच्या तोंडापुढे तोंड नेतो आणि विचारतो, "मला ओळखलंत का? सांगा बघू मी कोण?" अरे, परीक्षा घ्यायला आलात का? सरळ आपलं नाव सांगा, शेजारी बसा, सुईत दोरा ओवून द्या. वाळलेल्या कोंबाला हिसका देऊन पालवी फुटत नाही.

आज बाईने एक कोट लाल टाक्यांनी पुरा केला आणि लेकीच्या पुढ्यात ठेवला. तिच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली.

"तू नवीन आलीस का गं कामाला?"

लेकीने कोट आपल्याकडे ओढला. "हो, मावशी."

"मग नीट ऐक. हे लाल टाके शिवणीनंतर काढायचे. घाई करायची नाही, आणि विसरायचं तर मुळीच नाही. माझी लेक छान काढते. तिचं बघून शीक."

लेकीने कोटाला पक्की शिवण मारली. मग लाल दोरा दातात धरला आणि सर्रकन ओढला. पुरा निघाला, कुठेही न तुटता.

तो आवाज माझ्यापर्यंत पोचला. मीही अंग ओढून पाहिलं, पुन्हा एकदा.