माझ्या पोटातला बंब

मी छोटी बोलतेय. रायपूरच्या समता कॉलोनीत भैय्यालालांच्या घरामागं बाग आहे. बागेत मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडाखाली पत्र्याची शेड आहे, तिथं मी उभी असते. मी वाफेवर चालणारं इंजिन आहे, फक्त उंचीनं गुडघ्याएवढं. माझे रूळ वीतभर अंतराचे. पपईला आणि कढीपत्त्याला वळसा घालून ते पुन्हा शेडपाशी येतात. कॉलोनीतली मुलं मला खेळणं म्हणतात. मी खेळणं नाही. माझ्यात खरा कोळसा जळतो, खरं पाणी उकळतं, आणि माझ्यामुळं एका बाईच्या पोटावर पाय आला, तेही खरंच आहे.

ते सांगून टाकावं म्हणून आज बोलतेय.

भैय्यालाल रेल्वेत फिटर होते. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी छोट्या लाईनीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, वाफेच्या इंजिनांवर काढली. पुढं ती इंजिनं गेली, मग शहरातले त्या लाईनीचे रूळही उखडले आणि तिथं रुंद रस्ता झाला. रिटायर झाल्यावर भैय्यालाल पहाटे पाचला उठायचे आणि काय करावं ते न सुचून स्वयंपाकघरात जाऊन बसायचे. डबे उघडून बघायचे, झाकणं घट्ट करायचे. शेवटी सरिताबाई, म्हणजे त्यांची बायको, वैतागल्या.

"राकेशचे बाबा, दिवसभर माझ्या मागं मागं काहून फिरून राहिले? काही काम पाहा ना!"

त्यांनी काम पाहिलं. ते काम म्हणजे मी.

माझी चाकं भनपुरीच्या एका लेथवर कातली गेली. तिथला खराद्या हसायचा, म्हणायचा, भैया, नातवासाठी का? भैय्यालाल म्हणायचे, नाही, स्वतःसाठी. रुळांखालचे सरईच्या लाकडाचे ठोकळे त्यांनी एकेक रंधून बसवले. काम करताना ते माझ्याशी बोलत. त्यांचे वडील रुळांवर गँगमन होते. एकदा गँगमधला हातकंदील हरवला आणि आळ त्यांच्यावर आला. कंदील पुढं पुलाखाली सापडला, पण आळ काही गेला नाही. "बाप मेला तरी लोक कंदीलवालाच म्हणत," असं सांगताना भैय्यालालांची कानस थांबायची. ही गोष्ट मी दहा वेळा तरी ऐकली असेल.

सगळं जमलं, अडलं ते बॉयलरपाशी. त्याला तांबं लागतं, तेही जाड. हवं तसं तांबं महिनाभर कुठं मिळेना. त्याच वैशाखात सरिताबाई भावाच्या मुलीच्या लग्नाला तुमसरला गेल्या, पंधरा दिवसांसाठी. घरात एकटे असताना भैय्यालालांची नजर माळ्यावर गेली. तिथं गोणपाटात गुंडाळलेला तांब्याचा बंब होता.

तो बंब म्हणजे माझा पहिला जन्म.

सरिताबाईंची माय बिड्या वळायची. लेकीच्या लग्नात आंदण द्यायला तिनं भंडाऱ्याच्या तांबटाकडून बंब घेतला. आपल्याकडं भांड्यावर नाव घालतात, ते कुणी कुणाला दिलं हे कळावं म्हणून. तांबटानं विचारलं, काय घालू? 'सौ. सरिता हिस आईकडून' असं घालू का? ती म्हणाली, "मी म्हणतो तसंच लिव. सरिताले मायकडून." तिला स्वतःला एक अक्षर वाचता येत नव्हतं. तांबट एकेक टिंब ठोकत होता आणि ती प्रत्येक टिंबावर बोट फिरवून बघत होती. ते बोट मला अजून आठवतं. त्या बंबात तीस वर्षं पाणी तापलं. मुलाची, राकेशची, पहिली आंघोळ त्यातल्याच पाण्यानं झाली. मग गिझर आला आणि बंब माळ्यावर गेला.

भैय्यालालांनी बंब खाली उतरवला, पुसला. मग स्वतःशीच म्हणाले, "तसाही पडूनच हाय. गाडी चालली की सांगीन तिले, खूश होईल." आणि कापला.

बंबाचा पत्रा तापवून मऊ केला, गोल वळवला, सांध्यात धातू वितळवून झाळला. मी बॉयलर झाले. अक्षरांचा भाग वर आला. ती घासून टाकायला त्यांनी कानस उचलली, पण हात चालेना. मग त्यावर सागाच्या पट्ट्या बसवल्या आणि पितळी पट्टे आवळून टाकले. अक्षरं झाकली गेली. सरिताबाई परत आल्या तेव्हा त्यांनी विचारलंच, एवढं तांबं कुठून आणलं? "भनपुरीच्या भंगारातून," भैय्यालाल म्हणाले. खरं ते उद्या सांगणार होते. त्यांचा तो उद्या काही उजाडला नाही.

डिसेंबरात गिझर बिघडला. सरिताबाई म्हणाल्या, चला, मायचा बंब काढा. भैय्यालाल शिडीवर चढले. तिथं काय आहे आणि काय नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी ते गोणपाट हलवत राहिले.

"नाई दिसत इथं," ते म्हणाले.

"नाई म्हणजे? पाय फुटले का त्याले? कोणं नेला असंल?"

खाली फरशी पुसत कमला होती. ती या घरात नऊ वर्षं काम करत होती. सरिताबाई कावीळ होऊन पडल्या होत्या तेव्हा तिनं स्वतःच्या घरून पेज करून आणली होती. तिचा नवरा भंगाराची गाडी ओढायचा. भैय्यालाल शिडीवरून न उतरताच बोलले, "मागच्या महिन्यात माळा तिनंच झाडला होता."

बस, एवढंच. चोर हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. त्या वाक्यात खोटंही काही नव्हतं, माळा तिनंच झाडला होता. शेडचं दार उघडं होतं आणि मला सगळं ऐकू येत होतं.

कमला पुसणं हातात धरून उभी राहिली. "मैं नइ लेगे हंव दीदी. किरिया खवा ले." मी नेला नाही, हवं तर शपथ घाल, असं ती म्हणत होती. सरिताबाई रडवेल्या झाल्या. "मी चोर नाई म्हणत तुले. पण उद्यापासून येऊ नको." त्यानंतर शेजारणींनी विचारलं, कमलाला का काढलं? सरिताबाईंनी सांगितलं. कमला ओळीतल्या आणखी पाच घरी काम करायची, महिन्याभरात त्या पाचही घरांनी तिचं काम बंद केलं.

या घरात रोज सकाळी दोघं बुद्धाच्या मूर्तीसमोर त्रिशरण-पंचशील म्हणतात. ती खिडकी माझ्या शेडकडंच आहे. न दिलेलं घेणार नाही, खोटं बोलणार नाही, ही शीलं आली की भैय्यालालांचा आवाज खाली जायचा आणि एकट्या सरिताबाईंचा ऐकू यायचा. त्यांना वाटायचं, म्हाताऱ्याचा घसा बसलाय.

आणि मी काय करत होते? मी चालायची वाट बघत होते. हे कबूल करायला लाज वाटते. माळ्यावर वर्षानुवर्षं अंधारात पडून राहिल्यावर पुन्हा पोटात आग पडणार, पाणी उकळणार, या आनंदात मला कमला दिसत नव्हती.

फेब्रुवारीत एका रविवारी मी पहिल्यांदा धावले. सगळी कॉलोनी जमली. माझ्यामागं जोडलेल्या चाकांच्या फळीवर बसून सरिताबाईंनी फेरी मारली, उतरल्यावर माझ्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "काय सांगू जी, मायच्या न्हाणीतल्यासारखा वास येऊन राहिला." भैय्यालाल तेलाची बुधली घेऊन चाकाशी वाकले ते बराच वेळ वर झालेच नाहीत.

तेवढ्यात कुंपणापलीकडं कमला दिसली. ती रस्त्यानं चालली होती, गर्दी बघून थांबली. भैय्यालालांची आणि तिची नजरानजर झाली. ती म्हणाली, "बने चलत हे भैया." छान चालतेय, म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. नऊ वर्षांच्या सवयीनं ती चांगलं ते चांगलं म्हणाली.  भैय्यालालांचा हात नुसताच शिटीच्या साखळीवर गेला, आणि मी शिटी वाजवली. लांब, खणखणीत, ऐटीत वाजवली. मुलांनी टाळ्या पिटल्या. कमला पदर सारखा करून निघून गेली.

दोन वर्षं अशीच गेली. या वर्षी पावसाळा संपल्यावर भैय्यालालांनी नेहमीसारखं मला पाण्याच्या दाबावर तपासलं. दर वर्षी तपासतात, त्याशिवाय आग टाकत नाहीत. या वेळी दाब टिकेना. पट्ट्यांखालून थेंब येत होते. मी मुद्दाम गळले असं म्हणायला मला आवडलं असतं, पण एवढी हिंमत माझ्यात कुठली! झाळ जुनी झाली होती, इतकंच.

भैय्यालालांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. त्यांनी पितळी पट्टे सोडले, सागाच्या पट्ट्या एकेक करून काढल्या आणि हाक मारली, "सरिता, बॅटरी घेऊन ये वो. थेंब कुठून येते, मले दिसून नाई राहिलं."

ते अक्षरं विसरले होते, की ओझं वाहून थकले होते? रोज त्यांच्या हाताखाली असूनही मला हे कळलेलं नाही.

सरिताबाईंनी बॅटरीचा उजेड टाकला. थेंब शोधत त्यांचं बोट पुढं सरकलं आणि टिंबांवर अडकलं. त्यांनी ते पुन्हा मागं नेलं आणि पहिल्या टिंबापासून शेवटच्या टिंबापर्यंत फिरवलं. मायचं बोट जसं फिरलं होतं अगदी तसंच.

मला वाटलं, आता बंबासाठी रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांनी बॅटरी बंद केली आणि विचारलं, "अन् कमला?"

भैय्यालालांनी हातातली सागाची पट्टी खाली ठेवली.

"बंब मागतला असता तं मी हसत देला असता. बंबाचं काही नाई. तुमच्या बापाच्या कंदिलाची गोष्ट चाळीस वर्षं ऐकवून राहिले मले, अन् तुमी शिडीवरून..."  मग हळूच म्हणाल्या, "अन् मी तं पाची घरी सांगत फिरली."

दुसऱ्या दिवशी रात्री दोघं कमलाच्या पाऱ्यात, म्हणजे तिच्या वस्तीत, गेले. तिथं काय झालं ते परत आल्यावर पायरीवर बसून बोलले, म्हणून मला कळलं. कमला आता भनपुरीच्या एका गोदामात पोती शिवते, सकाळी जाते ती अंधार पडल्यावर परत येते. तिनं दोघांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. भैय्यालालांनी हात जोडले. सरिताबाई म्हणाल्या, पुन्हा घरी ये. आणि रविवारी ये, गाडीत पहिली तू बस. कमला म्हणाली, "रेल म नइ बइठंव. जेन-जेन घर म मोर नांव लेय हव, तेन-तेन घर म जाके बतावव." गाडीत बसायचं नाही मला. ज्या ज्या घरात माझं नाव घेतलंत, त्या त्या घरात जाऊन सांगा.

ते गेले. पाचही घरी गेले. भैय्यालाल दारातच उभे राहून सांगायचे, "बंब मी कापला होता. कमलाचा काही दोष नाई." एका घरी हसले, एका घरी म्हणाले, जाऊ द्या हो, जुनी गोष्ट. सरिताबाई म्हणाल्या, जुनी तुमच्यासाठी. त्या दिवसापासून सकाळी खिडकीतून पंचशीलाचे दोन्ही आवाज सारखेच मोठे ऐकू येतात.

गेल्या रविवारी कमला आली. फाटक उघडून थेट शेडपाशी आली. माझ्या अंगावर पट्ट्या नव्हत्या. तिनं टिंबांवर हात ठेवला. "का लिखाय हे?" सरिताबाईंनी वाचून दाखवलं.  कमला म्हणाली, "तोर दाई के चिन्हा ए, जतन के रख." तुझ्या आईची खूण आहे, जपून ठेव. चहा न घेताच ती गेली. कामावर येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

माझी झाळ अजून तशीच आहे. सामान बाजूला मांडून ठेवलंय, पण भैय्यालाल हात लावत नाहीत. मुलं कुंपणाशी येऊन विचारतात, "अंकल, रेल कब चलेगी?" ते म्हणतात, "बघू."

माझी एकच विनंती आहे. मला दुरुस्त कराल तेव्हा करा, पण त्या सागाच्या पट्ट्या पुन्हा चढवू नका. थोडी उष्णता वाया जाईल, जाऊ द्या. अक्षरं दिसत राहू द्यात.

आणि कमला, तुला काय सांगू? तू कुंपणाशी उभी राहून मला छान म्हणालीस, तेव्हा मी तुझ्या तोंडावर शिटी वाजवली. भैय्यालालांनी त्यांचे शब्द पाच घरी जाऊन परत घेतले. माझी शिटी मला परत घेता येत नाही. म्हणून आग नाही, पाणी नाही, याचं मला दुःख नाही. तू पुन्हा त्या कुंपणाशी येशील तोवर मी गप्पच बरी.